डरकाळीचे पाचपैकी गुण

करिश्मा आत्राम चंद्रपूरच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात शेवटच्या वर्षाला होती. तिचा आणि वर्गातल्या अनसचा मिळून एकच प्रकल्प होता : शेतात रानडुक्कर शिरलं की वाघाची डरकाळी वाजवणारं यंत्र. मोहफुलं पडायच्या दिवसांत दोघांनी ते मुलचेऱ्याजवळ करिश्माच्या गावी, तिच्याच घरच्या बांधावर बसवलं. आईला, बुधरीला, "डुकरांसाठी डबा ठेवलाय" एवढंच सांगितलं आणि परतले.

यंत्राला डुक्कर आणि बकरी यातला फरक कळत नव्हता. पहिल्याच संध्याकाळी कुणाची तरी बकरी बांधावरून गेली आणि शेतातून वाघ गरजला. दुसऱ्या दिवसापासून मोह वेचायला कुणी जंगलात गेलं नाही. फुलं झाडाखालीच सडली. वनविभागानं माग काढायला बांधावर कॅमेरा लावला. त्यात वाघ आला नाही, अनस आला. गुडघ्यांवर बसून बॅटरी बदलत होता.

"तू इंजिनिअर होऊन राह्यली का वाघ?" बुधरीनं फोनवर विचारलं. "औंदा घरात मोहाचं एक फूल नाई."



थोड्याच दिवसांत प्रत्येकाला संगणकावर स्वतःचं मूल्यमापन भरायचं होतं. प्रकल्पातून कोणतं कौशल्य किती मिळालं, एक ते पाच. अर्जाच्या वर सूचना होती : 'पाच म्हणजे सर्वोत्तम.' कॉलेज तपासायला समिती येणार होती. विभागप्रमुख वांढरे सर वर्गात म्हणाले, "अगदी प्रामाणिकपणे भरा. पाचपेक्षा कमी प्रामाणिकपणा नको."

सगळ्यांनी पाच भरले. करिश्मानं 'समाजाच्या गरजा समजून घेणे' यापुढे एक भरला. सरांनी तिला बोलावलं.

"एक? गावावर परिणाम झाला ना?"

"झाला सर. लोकं घराबाहेर निघेनात."

"म्हणजे परिणामकारकता सिद्ध झाली."

"पण लोकायले काय पाह्यजे, ते आमी इचारलंच नाई. माह्या आईले बी नाई."

"ते तुला लिहायचंच नाहीये. फक्त आकडा टाकायचाय."

बाहेर अनस थांबला होता. "मी तं पाच लिवलं यार," तो म्हणाला. "फोटो माहा आला, तुहा नाई. तरी पाच."

"लाज नाई वाटली?"

"वाटली ना. पण लाजेचा रकानाच नाई त्याच्यात."

करिश्मा आकडा बदलेना. शेवटी सरांनी स्वतःच बदलायचं ठरवलं, तर एकदा भरलेला आकडा बदलतच नव्हता. वरची सूचना मात्र बदलता येत होती. सरांनी संध्याकाळभर विचार केला आणि लिहिलं : 'एक म्हणजे सर्वोत्तम.' मग ज्यांनी पाच टाकले होते, त्या सगळ्यांना नवा अर्ज देऊन एक टाकायला लावला. कुणी कारण विचारलं नाही. शिस्तीचा वर्ग होता.

करिश्मा धावत सरांकडे गेली. "सर, मंग मले पाच करून द्या."

"आता कसं होणार? तुझा अर्ज जमा झालाय. आणि इतकं स्वतःला कमी लेखू नये, बेटा."

समिती आली, चहा झाला. कॅमेऱ्यातला अनसचा फोटो 'वनविभागाच्या सहकार्याने' अशा ओळीखाली भिंतीवर लागला होता. एका सदस्यानं सांगितलं, की पहिल्या फेरीतच स्वतःला सर्वोत्तम म्हणणारी ही एकटीच मुलगी, असा आत्मविश्वास ग्रामीण भागात दुर्मीळ असतो. करिश्माला मंचावर प्रमाणपत्र मिळालं. टाळ्यांत अनसच्या सगळ्यांत जोरात होत्या.

शनिवारी ती गावी गेली. तिनं बांधावरून यंत्र काढलं आणि तारा गुंडाळून पिशवीत भरल्या. बुधरीनं प्रमाणपत्र उलटसुलट करून पाहिलं.

"हे कायचं?"

"गावाले काय पाह्यजे, ते समजून घेतल्याचं."

"कोणत्या गावाले?" बुधरीनं विचारलं.

करिश्मानं प्रमाणपत्र तारांच्या पिशवीत कोंबलं. मग म्हणाली, "चाल, मी बी येतो पाण्याले." दोघी पाण्याची गुंडी घेऊन हातपंपाकडे निघाल्या. वाटेत भेटलेल्या बायकांना ती एकेक करून सांगत गेली, की वाघ नव्हता, मी होते. पहिल्या दोघींनी ऐकून घेतलं. तिसरीनं तिच्याशी बोलणं टाकलं.