नितळ होईपर्यंत धुतलेला गहू

नौफाच्या हातच्या रोटीला गावात तोड नव्हती, आणि हे ती स्वतःच सगळ्यांना सांगत असे. नवरा गेल्यावर एकुलत्या एका मुलाला, दहामला, तिने त्या रोटीवरच वाढवलं होतं. त्या वर्षी पावसाने दगा दिला आणि गव्हाचं पीक हातचं गेलं. सरकारने बियाण्यासाठी परदेशी गहू पाठवला खरा, पण तो गावात रमतगमत पोहोचला तेव्हा पेरण्या उरकल्या होत्या. गहू गुलाबी रंगाने माखलेला होता. त्याला विषारी औषध लावलंय, खाऊ नका, असं तो वाटणाऱ्या माणसाने बजावलं होतं.

पण घरात गव्हाची पोती आणि पोराच्या पुढ्यात सातूची भाकरी, हे नौफाला बघवेना. ती गहू दिजला नदीवर घेऊन गेली. रंग पार जाऊन पाणी नितळ येईपर्यंत तिने तो चोळचोळून धुतला. तरी घाई केली नाही. आधी कोंबड्यांना घातला. पंधरवडा उलटला तरी कोंबड्या टुणटुणीत, अंडीसुद्धा देत होत्या. मग तिने दळण काढलं. गव्हाच्या रोट्या दहामला, आणि स्वतःला उरलेला सातू. एवढा मोठा बाप्या झाला तरी तो तंदुरापाशी येऊन गरम रोटी पळवायचा, आणि ती खोटं खोटं रागवायची.

महिना-दीड महिन्याने दहामच्या बोटांना मुंग्या यायला लागल्या. मग ओठ बधिर झाले. मग तो अंगणातून झिंगल्यासारखा चालला, तेव्हा पिऊन आलास का म्हणून नौफाने त्याला फैलावर घेतलं. त्याची जीभ जड झाली आणि तिच्या पायांखालची जमीन सरकली. शेजाऱ्याच्या मालट्रकमधून तिने त्याला शहरातल्या दवाखान्यात नेलं.

तिथे गावोगावची तशीच माणसं पडली होती. गुलाबी गव्हानेच झालंय हे, असं बायका कुजबुजत होत्या. नौफाने नाक मुरडलं. या आळशी बायांनी रंगासकट दळलं असणार. आपल्या दहामचं दुखणं वेगळं.

दवाखान्याचा भात दहाम थुंकून टाकायचा. "यम्मा, घरची रोटी आण," एवढंच तो जड जिभेने मागायचा. मग ती गावी जायची, तंदूर पेटवायची आणि अब्याखाली, त्या अंगभर काळ्या झग्याखाली, रोट्या लपवून परत यायची. घरचं पोटात गेलं की माणूस उठतो, यावर तिची श्रद्धा होती. रोटीचा तुकडा खाली पडला तर ती तो उचलून ओठांना लावायची, कपाळाला लावायची आणि मग त्याला भरवायची. त्याची नजर कडेकडून अंधारत गेली होती, कानही बंद होत चालले होते. आता त्याला तिचा चेहरा दिसत नव्हता. त्याने एकदा, फक्त एकदा आपल्याकडे बघून हसावं, एवढ्यासाठी तिचा जीव तुटायचा.

एका सकाळी बगदादहून आलेल्या डॉक्टर सुहामनी तिला भरवताना पाहिलं आणि हात धरून व्हरांड्यात नेलं. रोटी कुठल्या गव्हाची, त्यांनी विचारलं. नौफाने ताठ मानेने सगळं सांगितलं, नदीचं आणि कोंबड्यांचंही.

"रंग धुतला जातो, आई. पारा धुतला जात नाही. तो दाण्यातही मुरलेला असतो," डॉक्टर म्हणाल्या. "आणि लगेच कळतही नाही. महिना महिना गप्प बसतो तो. कोंबड्यांचं काय सांगता?"

"पण आता औषध चाललंय ना?"

"यकृत विष बाहेर टाकायला बघतं, आतडी ते परत आत ओढतात. त्या झगड्यात यकृताच्या पेशी मरतात. त्यातल्या काही पुन्हा तयार होतील. मेंदूच्या मेल्या त्या परत येत नाहीत. आणि वरून रोज नवं विष पोटात जातंय."

"मग तो मला कधी बघेल?"

डॉक्टरांनी तिच्या हातातली उरलेली रोटी काढून घेतली.

नौफा परत खाटेपाशी आली. जमिनीवरचा तुकडासुद्धा जिने कधी वाया घालवला नाही, तिने अब्याच्या घड्या झटकल्या, कण न् कण खाली पाडला आणि चपलेने खाटेपासून दूर लोटला. दहामने वासाच्या दिशेला मान वळवली आणि तोंड उघडलं. तो वाट पाहत राहिला.

"यम्मा... रोटी."

"नाही रे राजा. संपली."

"वास येतोय तुझ्या अंगाला," तो अडखळत म्हणाला. मग लहानपणी मार खाल्ल्यावर विचारायचा तसं त्याने विचारलं, "रागावलीस? माझं काय चुकलं?"

तिने त्याच्या कानाशी तोंड नेलं आणि ओरडून सांगितलं, तुझं नाही, माझं चुकलं. आजूबाजूच्या खाटांवरच्या बायकांनी माना वळवल्या. दहामला ऐकू गेलं नाही. त्याने चाचपडत तिचा हात शोधला, बोटं हुंगली आणि पुन्हा तोंड उघडलं.