तीन फितींमधली अनोळखी स्त्री

दर सोमवारी आमचं यंत्र संग्रहातल्या प्रत्येक फाइलचा ठसा तपासतं. आत एक अक्षर जरी बदललं, तरी ठसा जुळत नाही. बहुतेक वेळा दोष म्हाताऱ्या झालेल्या डिस्कचा असतो. या वेळी मात्र तीन आठवड्यांत तीन फाइली बदलल्या, तिन्ही विणकर बायकांच्या जुन्या मुलाखतींच्या, आणि बदल करणाऱ्याच्या रकान्यात माझं नाव. वेळ सकाळी सव्वानऊ. तेव्हा मी चहाला गेलेली असते.

साहेबांनी कागद पुढे सरकवला. "बाई, शुक्रवारपर्यंत खुलासा द्या. नाहीतर चौकशी."

विभागात पदवी नसलेली मी एकटीच. स्कॅनरवर पानं उलटायला आले, बाकीचं बघून बघून शिकले. चौकशीत पहिला प्रश्न कुठला येणार, ते मला पाठ होतं.

आधी संशय आला ध्वनिवाल्यावर. जुन्या फितींची खरखर ऐकली की त्याचे हात शिवशिवतात.

"खरं सांग, साफ केल्यास ना फिती?"

"मी केल्या असत्या तर फरक कळला असता बाई. माझं काम एवढं भिकार नसतं."

दुसऱ्या इमारतीत जपलेली मूळ प्रत आणि बदललेली फाइल, दोन्ही लावून ऐकल्या. खरखर जशीच्या तशी. म्हणजे तो नव्हे. पण मी चहाहून परतले की माझी खुर्ची हल्ली खाली गेलेली असायची. एवढी बुटकी आमच्याकडे एकच, कॅटलॉग विभागातली माझी धाकटी जाऊ. माझ्याच शब्दावर नोकरीला लागलेली.

घरीही मी तिच्यावर डोळा ठेवला.

"ताई, माझ्या तोंडाला काही लागलंय का?"

"नाही गं. जेव."

जेवली. चोर इतका निवांत जेवतो का, याचा मी रात्रभर विचार केला.

गुरुवारी मुद्दाम माझा संगणक उघडाच टाकून फितींच्या कपाटामागे उभी राहिले. सव्वानऊला ती आली. खुर्ची खाली केली, कानाला हेडफोन लावले, टंकायला लागली.

"सापडलीस!"

"अगंबाई! जीव घ्याल का माझा?"

"तू माझी नोकरी घ्यायला बसलीयेस, ते?"

तिने हेडफोन काढून माझ्या कानाला लावले. आतून एक बाई मुलाखत घेणाऱ्याला झापत होती, "दोरा ओढू नका हो! सैल सोडा. शिकलेली माणसं म्हणे."

तिची आई. जाऊन सहा वर्षं झालेली. आमच्या कॅटलॉगमध्ये मात्र, तिन्ही फितींपुढे, 'अनोळखी स्त्री'.

"मी फक्त नाव लिहिलं," जाऊ म्हणाली. "फाइलीच्या आत. कॅटलॉगमधलं कोणीही बदलतं, मीच दिवसभर बदलते. फाइल तर तुम्ही जिवापाड जपता."

"अगं वेडाबाई, आत लिहिलंस म्हणून ती बिघडली असं यंत्राला वाटतंय! उद्या ते जुनी प्रत परत बसवणार. नाव जाणार."

"आणि तुमच्यावर आलंय?"

"माझ्या संगणकावरून, माझ्या नावावर केलंस ना."

ती उठली ती थेट साहेबांच्या केबिनमध्ये. मी काचेबाहेर. ती हात हलवून काहीतरी सांगत होती, आणि मध्येच तिने माझ्याकडे बोट दाखवलं. झालं, म्हटलं, घरचीच निघाली.

साहेबांनी मला आत बोलावलं. "जागा सोडताना संगणक बंद करावा, हा नियम कोणी लिहिला?"

"मी."

"छान. दोघींना लेखी ताकीद. यांना महिनाभर तुमच्या खोलीत मज्जाव. आणि हा फॉर्म." त्यांनी कागद माझ्याकडे फिरवला. "नाव कॅटलॉगमध्ये रीतसर चढेल. पण ओळख पटवायला रक्ताच्या नात्याबाहेरचा साक्षीदार लागतो. त्या म्हणतात, तुम्ही ओळखत होतात."

ओळख कशावरून पटली, असा रकाना होता. मी लिहिलं, "या बाई माझ्याशी पंधरा वर्षं याच सुरात बोलल्या."

जाऊने वाकून वाचलं. "खोडा ते," म्हणाली.

मी सही केली.