ध चा मा झालाच नाही

"कुणाकुणाच्या कानावर आलं?" मुखगुरूंनी मंचावरून विचारलं आणि अख्ख्या सभागृहाचे हात वर गेले.

तोंडी प्रसिद्धीची परिषद होती. सकाळी गुरूंनी पहिल्या रांगेतल्या एका बाईंच्या कानात एकच वाक्य सांगितलं होतं. माईक नाही, पाटी नाही. जेवून परत बसतो तर ते सगळ्यांच्या तोंडी! गुरू हव्या त्या रांगेतला माणूस उठवत आणि तो घडाघडा म्हणे, "निळ्या झाकणाच्या बाटलीतलं पाणी शिळं होत नाही."

"जीभ हीच जाहिरात!" गुरू गरजले. "पाट्या मेल्या, पत्रकं मेली! माझा मंत्र घ्या, गिऱ्हाईक शोधत येईल!"

मी पाट्या रंगवतो. स्वतःची नाडी तपासली, चालू होती.

शेजारी धाकटी बहीण भारावून डोळे पुसत होती. तिचं कपडे अल्टर करून देण्याचं दुकान आहे. गिऱ्हाईक रोडावलं म्हणून शिलाई मशीन विकून, त्या पैशांत फी भरून या गुरूंची 'मुखदूत', म्हणजे तोंडी प्रचार करणारी, व्हायला निघाली होती. तिला अडवायलाच मी आलो होतो.

"बघितलंस ना दादा, डोळ्यांनी?"

"डोळ्यांनी नाही, कानांनी. घोळ तिथेच आहे. अगं, आपल्या घरात आतल्या खोलीतला निरोप दारापर्यंत पोचेतो ध चा मा होतो. इथे एवढ्या तोंडांतून गेलं आणि अनुस्वारसुद्धा हलला नाही?"

"मंत्राची ताकद असेल."

"थांब तर." मी पुढच्या माणसाच्या कानाला लागलो. "सरांचा घसा बसलाय. पुढे सांगा."

बातमी रांगेतून गेली आणि मागून परत आली. मागच्या काकूंनी माझ्या खांद्यावर टिचकी मारली. "अहो, ऐकलंत का? सर जिन्यावरून घसरले!" त्यांच्या शेजारणीने तर पर्समधून मलमाची डबीसुद्धा काढली. समोर गुरू ठणठणीत ओरडत होते.

बहीण खुदकन हसली. कित्येक महिन्यांनी हसली.

"आता सांग, बाटलीचं तुला कुणी सांगितलं?"

"चहाच्या रांगेत एक टकलू काका होते."

"मलाही त्यानेच. एकदा चहाला, एकदा हात धुताना. आधी सांगितल्याचं विसरला बिचारा."

मी आजूबाजूला विचारत सुटलो. ज्याला त्याला एक तर टकलूने सांगितलेलं, नाही तर लाल पर्सवाल्या बाईने. मी मंचावर जाऊन गुरूंचा माईक हिसकावला.

"तुमचे हात खरे आहेत, पण सांगणारी तोंडं भाड्याची आहेत! बाटली तोंडातोंडी फिरलीच नाही. पाठ करून आलेली दोन माणसं दिवसभर सगळ्यांना तेच सांगत फिरली. विचारा एकमेकांना, कुणाकडून ऐकलंत?"

माना वळल्या. कुजबुज झाली. टकलू आणि लाल पर्स दाराकडे सरकताना सगळ्यांनी पाहिले. क्षणभर वाटलं, जिंकलो.

गुरू गालात हसले. "वा! या गृहस्थांसाठी टाळ्या! आता घरी जाऊन तुम्ही कशाबद्दल बोलणार? माझ्याबद्दलच! शिव्या द्या, पण बोला. हीच ती ताकद!"

टाळ्यांनी छत हललं. मलमवाल्या बाई उभ्या राहून टाळ्या पिटत होत्या. चोर पकडला, तर लोकांनी चोराच्याच हातचलाखीचं कौतुक केलं.

"दादा, तू उलट त्यांचंच काम केलंस," बहीण म्हणाली आणि नोंदणीच्या टेबलाकडे गेली. तिचा हात धरला, तिने सोडवून घेतला.

मशीन गेलं. महिन्याभरात चौकात मला माझीच गोष्ट ऐकायला मिळाली. कुणी एक पेंटर गुरूंची परीक्षा घ्यायला गेला, त्याची वाचाच बसली, शेवटी पाय धरले तेव्हा आवाज परत आला. सांगणारा शपथेवर सांगत होता. इथे मात्र ध चा मा व्यवस्थित झाला.

काल एक म्हातारी बाई बहिणीच्या बंद दुकानासमोर कोट घेऊन उभी होती. "माझ्या जावेने सांगितलं, हिच्या हाताला तोड नाही. पार पलीकडच्या वस्तीतून आले. कधी उघडतं हो?"

मी खाली मान घालून सांगितलं, "आता नाही उघडत." खरी तोंडी प्रसिद्धी कोट घेऊन परत गेली.

म्हणून सांगतो. कुणी काही सांगितलं की मान डोलवण्याआधी एवढंच विचारा: तू स्वतः पाहिलंस का? आणि नसेल, तर तुला कुणी सांगितलं? तुम्ही विचारणार नाही, मला ठाऊक आहे. तरी सांगतो. आणि हे पुढे सांगणार असाल, तर निदान जसंच्या तसं सांगा.