खेचर की न्हावी

धनराज खैरनारांना डॉक्टर मंजुषा गायधनी आवडत नसत. का, म्हणून विचारलं तर ते पाच कारणं सांगत, आणि त्यातलं एकही खरं नसे. खरं कारण एवढंच होतं की बाई चांगलं काम करत होत्या आणि लोकांना ते दिसत होतं.

खैरनार शिपाई जमवत. कथलाचे, बोटभर उंचीचे, हाताने रंगवलेले. वीज मंडळातल्या नोकरीत असताना लागलेला हा नाद निवृत्तीनंतर पार डोक्यात गेला होता. इंदिरानगरच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये टीव्हीला कोपरा आणि शिपायांच्या काचेच्या कपाटाला अख्खी भिंत होती. त्यांची बायको अंजली त्या कपाटाला सवत म्हणायची, पण पुसायची मात्र तीच. नाशिकमध्ये शिपाई जमवणारे जे काही मोजके वेडे होते, त्यांच्यात खैरनारांचा शब्द शेवटचा. पगडी कुठल्या पलटणीची, पट्टा डाव्या खांद्यावरून की उजव्या, हे त्यांना विचारायचं आणि मान डोलवायची, असा रिवाज होता.

मग तीन वर्षांपूर्वी या डॉक्टरबाई आल्या. दातांच्या डॉक्टर, कॉलेज रोडला दवाखाना. आल्या तेव्हा 'काका, हे काय, काका, ते काय' करत मागे मागे फिरायच्या, ते खैरनारांना बरं वाटायचं. पुढे बाईंनी स्वतः शिपाई रंगवायला घेतले आणि त्यांचे फोटो ग्रुपवर टाकले. त्या शिपायांना नजर होती! राईएवढ्या डोळ्यांत कोणी दमलेला दिसायचा, कोणी घाबरलेला. फोटोखाली टाळ्यांचा आणि बदामांचा पाऊस पडला. खैरनारांच्या फोटोखाली 'छान काका' एवढंच यायचं, आणि तेही दुपारनंतर. त्यांचा जळफळाट व्हायचा, पण ते लगेच स्वतःही 'वा!' असं लिहून टाकायचे, म्हणजे कोणाला कळू नये.

यंदा मात्र गोष्ट फोटोवर थांबणार नव्हती.

हे सगळे शिपाई यायचे पंचवटीतल्या हिरामण ओताऱ्याकडून. हिरामणचा मूळ धंदा देव ओतायचा. देवघरातले बाळकृष्ण, अन्नपूर्णा, खंडोबा. त्याच्या वडिलांकडून देवळालीच्या तोफखान्यातल्या एका साहेबांनी निरोपाची भेट म्हणून एक गोलंदाज ओतून घेतला होता. तो इतका झकास उतरला की तेव्हापासून दुकानाच्या एका फळीवर देव आणि दुसरीवर पलटण अशी वाटणी झाली. नवा शिपाई वर्षाला एकच निघायचा. साचा करायलाच चार-सहा महिने जात, आणि कथील नीट उतरलं नाही तर वर्ष पाण्यात.

तो एक कुठला, हे हिरामण कसं ठरवायचा, ते बघण्यासारखं होतं. दिवाळी आटोपली की एका रविवारी तो सगळ्यांना बोलवायचा. लाकडी पाटावर दोन मेणाचे नमुने मांडायचा, चहा सांगायचा, आणि कोणालाही काही विचारायचा नाही. लोकांनी नमुने हाताळायचे, खाली ठेवायचे, पुन्हा उचलायचे. शेवटी हिरामण नमुने खिडकीशी नेऊन बघायचा. ज्याच्या बैठकीची, म्हणजे खालच्या चौथऱ्याची, कड बोटांनी जास्त घासून गुळगुळीत झाली, तोच ओतायचा. त्याचे आजोबा देवही असेच निवडायचे. "तोंडाने काय, समोरच्याकडे बघून माणूस काहीही बोलतो," हिरामण म्हणायचा. "आवडलेली वस्तू हातातून सुटत नाही."

यंदा पाटावर होतं खैरनारांचं खेचर.

हे खेचर म्हणजे त्यांचा जीव होता. त्यांचे वडील, अण्णा, डोंगरी तोफखान्यात होते. तिथे तोफ सुटी करून खेचरांच्या पाठीवर लादायची आणि डोंगर चढायचा. खेचर हाकणाऱ्याला ड्रायव्हर म्हणत. अण्णा ड्रायव्हर होते. जगभरच्या कंपन्यांनी घोडेस्वार काढले, रणगाडे काढले, राजे काढले, पण खेचराशेजारी चालणारा बागलाणातला साधा माणूस कोणी काढला नव्हता. खैरनार दहा वर्षं हिरामणच्या मागे लागले होते. हिरामण म्हणायचा, खेचराचे पाय काडीसारखे, कथील खुरापर्यंत पोचायचं नाही. अखेर यंदा तो तयार झाला. "डोळे चाललेत माझे, काका. एवढं बारीक काम आता यंदा झालं तर झालं. नंतर सांगू नका." मेणाचं खेचर त्यानेच घडवलं, लगाम धरून शेजारी उभ्या ड्रायव्हरसकट. खैरनारांनी अण्णांचा फोटो नेऊन दिला होता.

आणि त्याच्या शेजारी, दोन वितींवर, बाईंचा न्हावी! छावणीतला न्हावी स्टुलावर बसलेल्या शिपायाची दाढी करतोय. दाताच्या कामातलं मेण बाईंच्या हातातलंच. त्यांनी नमुना स्वतः कोरून आणला होता.

"दाढी!" आदल्या दिवशी खैरनार घरी म्हणाले होते. "लढाई सोडून दाढी! उद्या पलटणीचा धोबी काढतील."

"मग तुम्हाला भीती कसली?" अंजलीने विचारलं.

"भीती? मला?" असं म्हणून ते दोन पोळ्या कमी जेवले.

रविवारी सगळ्यांच्या आधी ते हिरामणच्या दुकानात हजर होते. मनात बेत पक्का होता. खेचर सारखं हातात घ्यायचं, अंगठा बैठकीवर दाबून धरायचा, आणि बाईंच्या न्हाव्याला बोटही लावायचं नाही. त्यांनी खेचर उचललं. त्याचा पुढचा पाय उन्हात फारच बारीक दिसला. त्यांनी ते अलगद खाली ठेवलं.

तेवढ्यात मनमाडहून सावळीराम पगार आले. रेल्वेतून निवृत्त झालेला मोठा भारदस्त माणूस, बोटं केळ्यांसारखी. त्यांचा हात खेचराकडे जाताना बघून खैरनार ओरडलेच, "जपून! पाय नाजूक आहेत!"

"बरं बाबा, नाही लावत हात," म्हणत सावळीरामांनी न्हावी उचलला. "अरे वा! हा शिपाई तर झोपलाय की!"

खैरनारांना ते ऐकवेना. त्यांनी पुढे होऊन न्हावी सावळीरामांच्या हातून काढून घेतला. "कुठे झोपलाय? आणि झोपला असेल तर ही चूकच आहे. छावणीत कोण झोपतं? शिवाय वस्तरा बघा कसा धरलाय." वस्तरा बरोबर धरला होता. त्यांनी नमुना उलटा करून बघितला, सुलटा करून बघितला. पट्टा, बटणं, बूट. एक बूट सैल होता, नाडी सुटलेली. "ही बघा, नाडी!" ते म्हणाले. सावळीराम हसले, "म्हणजे आरामात बसलाय गडी."

लोक येत गेले. जो येई त्याला खैरनार आधी खेचर दाखवत, लांबून, दोन्ही हात मागे बांधून. कोणी हात पुढे केला की "जपून हं" म्हणत. मग स्वतःच न्हावी उचलत आणि त्यातल्या चुका दाखवायला लागत. चूक हाती लागत नव्हती, म्हणून ते आणखी शोधत. चष्मा काढून बघितलं, लावून बघितलं. स्टुलाचा पाय, खांद्यावरचं पंच्याचं टोक, न्हाव्याच्या डाव्या हाताची दोन बोटं. त्या बोटांनी शिपायाचं डोकं एवढं हलकं धरलं होतं की जणू झोपमोड व्हायला नको. हे बाईंना जमलं कसं? कुठून आणतात या? तीस वर्षं शिपाई आपण जमवले, आणि हात यांचा वळतो! त्यांना इतकं वाईट वाटलं की चहा निवून गेला तरी नमुना खाली ठेवायचं भान राहिलं नाही.

बाई सगळ्यांच्या शेवटी आल्या. "सॉरी काका, पेशंट होती," म्हणाल्या आणि खेचराकडे वळल्या. हात पुढे केला. खैरनारांनी, न्हावी मुठीत धरूनच, त्यांनाही बजावलं, "पाय नाजूक आहेत." बाईंनी हात मागे घेतला.

मग हिरामण उठला. त्याने पाटावरचं खेचर घेतलं, आणि दुसऱ्या नमुन्यासाठी खैरनारांपुढे हात पसरला. तेव्हा कुठे खैरनारांना कळलं की न्हावी आपल्याच हातात आहे.

हिरामणने दोन्ही नमुने खिडकीशी नेले. खेचराच्या बैठकीची कड सुरीने कापल्यासारखी धारदार होती. तिला कोणी शिवलंच नव्हतं. न्हाव्याच्या स्टुलाखालची कड मात्र घासून घासून गोल झाली होती, आणि त्यावर एका अंगठ्याचा ठसा स्पष्ट उठला होता. अंगठा कोणाचा, हे विचारायची गरज नव्हती. मेणाचा बारीक कीस खैरनारांच्या नखात होता.

"न्हावी," हिरामण म्हणाला.

कोणीतरी टाळी वाजवली. सावळीराम म्हणाले, "धनराजभाऊ, तुम्हीच निवडला की हो!" दुकान हसलं. खैरनारही हसले. असं हसणं त्यांना वीज मंडळात दुसऱ्यांच्या बढत्यांच्या वेळी चांगलं जमलं होतं.

"अरे, पण मी त्यातल्या चुका दाखवत होतो," ते हिरामणला म्हणाले. "आवडला म्हणून नव्हता धरला."

"सकाळपासून बघतोय, काका. चूक दाखवायला माणूस वस्तू एकदा उचलतो." हिरामणने क्षणभर त्यांच्याकडे बघितलं. इतक्या वर्षांची ओळख होती, त्याचाही जीव तुटत असावा. "तरी बोला. हात खोटा होता असं तुम्ही म्हणत असाल, तर मी खेचर ओततो. तुमच्या शब्दावर."

एक शब्द! अण्णा उभे राहणार होते खेचराशेजारी, कपाटात, सगळ्यात वरच्या फळीवर. खैरनारांनी तोंड उघडलं, तेवढ्यात बाई पुढे आल्या.

"हिरामणदादा, खेचरच करा," त्या म्हणाल्या. "मी माझा न्हावी मागे घेते. काकांचं आधीपासून आहे."

झालं. बाईंनी शिवी दिली असती तरी चाललं असतं. पण दान? त्यांच्याकडून? आपल्या अण्णांना या बाईंच्या मोठेपणाच्या जागेवर उभं करायचं, आणि जन्मभर त्या कपाटाकडे बघताना हे आठवायचं? खैरनारांच्या अंगाचा तिळपापड झाला.

"काही मागे घ्यायचं नाही," ते तडकून म्हणाले. "हात खोटा नव्हता. न्हावीच ओत." हे बोलल्यावर त्यांना कळलं की ते खरं होतं, आणि म्हणून राग आणखी वाढला. "फक्त एक सांगा डॉक्टर. हा झोपलेला शिपाई तुम्हाला सुचला कसा? कुठल्या पुस्तकात बघितलात?"

बाई गोंधळल्या. "काका, तुम्हीच सांगितलं होतं ना. गेल्या वर्षी दिवाळीनंतर, इथेच. तुमचे अण्णा सुट्टीवर गावी यायचे तेव्हा भिकन न्हाव्यापुढे बसले की दाढी होता होता झोपून जायचे. डोंगरात रात्र रात्र खेचरं राखायची सवय, नीट झोप म्हणून नाही. आणि भिकन मुद्दाम सावकाश करायचा, त्यांना जाग येऊ नये म्हणून." त्या जरा थांबल्या. "ते डोक्यातून जाईना माझ्या. मला वाटलं तुमच्या लक्षात आलं असेल. म्हणून तर तुम्ही खाली ठेवत नव्हता, असं वाटलं मला."

हे खैरनार बोलले होते खरे. चहाच्या वेळी, बुटाच्या नाडीवरून विषय निघाला तेव्हा, सहज, दुसऱ्या कोणाचं बोलणं तोडून. अण्णा बूट सैल करून बसायचे. बोलले आणि विसरले. सुट्टीवरचे अण्णा त्यांनी स्वतः पाहिले होते, कडुनिंबाच्या झाडाखाली, ओट्यावरून, लहानपणी कितीतरी वेळा. आणि ओतायला नेऊन काय दिलं, तर पलटणीचा फोटो. ताठ उभे, लगाम धरून, इतर कोणत्याही ड्रायव्हरसारखे.

त्यांनी हिरामणच्या हातातून नमुना घेतला. मिटलेले डोळे, जरासं उघडं तोंड. अण्णाच होते. दुसऱ्या कोणाच्या तरी हातून आलेले अण्णा. आनंद व्हायला हवा होता, आणि झालाही असावा, पण त्याच्या आधी जळफळाटच झाला, आणि ते नमुना घेऊन खालीच बसले. आपल्या बापाची झोप या बाईंनी आपल्यापेक्षा नीट ऐकली होती. याचा हेवा कोणाला सांगणार?

"काका, पाणी देऊ?" बाईंनी विचारलं.

खैरनारांनी नको म्हणून मान हलवली. नमुना डोळ्यांजवळ नेला, चष्मा कपाळावर चढवला, आणि बराच वेळ बघून म्हणाले, "मिशी चुकली आहे तुमची. डावीकडे जरा खाली उतरायची ती. कोरणी द्या इकडे, दाखवतो."