ग्रहग्रासाचा चौदावा अवतार

मी एक जुना खलनायक आहे. नीट सांगायचं तर खलनायकाचं नुसतं डोकं. माझ्याखालचं धड नाथाजींचं, माझा आवाज सांगलीच्या स्टुडिओतला, आणि माझं मरण ठरलेलं: दरवर्षी गणपतीत, पाच दिवस, रोज संध्याकाळी चार वेळा. मित्रांनो, तुम्ही आष्ट्याच्या बाजूला कधी जिवंत देखावे बघायला आला असाल, तर मला बघून ओरडलाही असाल. त्याचा मला मुळीच राग नाही. माझा राग वेगळ्याच गोष्टीवर आहे आणि तो सांगून टाकल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

माझा जन्म धुळाच्या शेडमध्ये झाला. धुळा म्हणजे उसाच्या ट्रॉल्या बनवणारा वेल्डर. त्यानं भंगारातल्या मोटारसायकलींच्या पेट्रोलच्या दोन टाक्या कापल्या आणि एकमेकींना जोडून माझं डोकं केलं. डोळ्यांच्या जागी शेतीपंपाच्या स्टार्टरवरचे लाल दिवे बसवले, तोंडाच्या जागी पिठाच्या चाळणीची जाळी लावली आणि मोडक्या कोयत्यांची दोन पाती बोथट करून शिंगं केली. मला उन्हात ठेवून तो लांब जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, "आयला, भ्या वाटतंय गड्या." माझ्या आयुष्यातलं हे पहिलं कौतुक.

नाव ठेवलं चिंतामण सरांनी. ते शाळेत विज्ञान शिकवायचे आणि मंडळाच्या देखाव्याची गोष्टही तेच लिहायचे. बाकीची मंडळं पुराणातले नाहीतर इतिहासातले प्रसंग करत, पण सरांना मुलांना आकाश दाखवायचं होतं. म्हणून त्यांनी मला दूरच्या काळ्या ताऱ्यावरून आणलं आणि नाव दिलं ग्रहग्रास. पेठेतल्या जिभांना ते काही झेपलं नाही. आठ दिवसांत माझा गिराशा झाला.

सरांचा एक नियम होता. मंडळातली पोरं म्हणायची, राक्षसाला मिशा काढूया, अमक्यासारखं नाक लावूया. सर म्हणायचे, "राक्षसाला तोंड द्यायचं नाही. तोंड दिलं की लोक ते गल्लीत शोधायला लागतात." म्हणून मला तोंड नव्हतं, नुसती जाळी होती.

पहिल्या वर्षी मी कृष्णेचं पाणी नळीनं ओढून न्यायला आलो आणि शास्त्रज्ञ झालेल्या मंडळातल्या साईराजनं मला आरशाच्या किरणांनी जाळलं. दुसऱ्या वर्षी मी सूर्य झाकायला आलो. मग संगणकातला विषाणू झालो, मग पोरांची झोप खाणारा मोबाइलचा सम्राट झालो. एका वर्षी मधमाश्या पळवल्या. महापुराच्या साली देखावा झाला नाही आणि कोरोनानं आणखी दोन वर्षं खाल्ली. त्यानंतर मी जंतूंचा राजा होऊन आलो तेव्हा अंगावर बाटल्यांची बुचं चिकटवली होती आणि साईराजनं मला हातभर लांब सुई टोचून मारलं. दर वर्षी नवा रंग, नवं हत्यार, नवा गुन्हा. मी तेरा अवतार घेतले आणि तेराही वेळा हरलो.

आत नेहमी नाथाजी असायचे. लष्करात गाड्या चालवून निवृत्त झालेले हवालदार. आमच्या देखाव्यात कुणी बोलत नाही. सगळं आधीच रेकॉर्ड केलेलं असतं आणि माणसांनी फक्त त्यावर हातवारे करायचे असतात. त्यामुळे माझी भीती वाटायची ती नाथाजींच्या चालण्याची. कवायतीतलं पाऊल ते इतकं सावकाश टाकायचे, की पुढच्या रांगेतली पोरं आयांच्या मागं लपायची. खेळ संपला की लोक साईराजबरोबर फोटो काढायचे आणि नाथाजी देखाव्याच्या ट्रॉलीच्या मागं डोक्यावर ओला टॉवेल टाकून बसायचे. नारळ, शाल, फेटा सगळं साईराजला मिळायचं. तेरा वर्षांत माझ्या धडाला कुणी साधा हार घातला नाही.

ताक मात्र मिळायचं. ते आणायच्या चंद्राबाई. मंडपाला लागूनच त्यांचं घर. दोन खेळांच्या मधे त्या तांब्या घेऊन मागच्या बाजूला यायच्या. "नाथाजी, पी बाबा. त्या डब्यात शिजशील," म्हणायच्या. पेठेतली सगळी पोरं त्यांना चंद्राकाकी म्हणतात. काळ्या दोरीचा चष्मा, पदर खोचलेला आणि बोलणं नेहमी हळू.

वर्षाचे अकरा महिने मीही त्यांच्याकडेच असायचो, धान्याच्या कोठीवर. मंडळाला तेव्हा खोली नव्हती. माझ्या आत गोधडीचं अस्तर शिवलं ते चंद्राबाईंनी, आणि गंजू नये म्हणून दर अमावस्येला खोबरेल तेलाचा बोळा फिरवला तोही त्यांनीच. जगाला जाळायला निघालेल्या राक्षसाची इतकी बडदास्त कुठल्याही तारामंडळात झाली नसेल. मी त्या घरातलंच एक भांडं झालो होतो.

आता रागाची गोष्ट.

गेल्या वर्षी विसर्जनाच्या दिवशी मी कोठीवर होतो. खाली चंद्राबाईंची सून पल्लवी आठ दिवसांच्या मुलीला घेऊन झोपली होती. मंडळानं त्या वेळी मोठी डॉल्बी आणली होती आणि ती बरोबर या घरासमोर थांबवली होती. मी पत्र्याचा आहे, त्यामुळे मला जास्त कळलं. माझ्या शिंगांचे नट आपोआप फिरायला लागले. फळीवरची ताटं एकेक करून खाली आली. मुलगी रडत होती, पण तिचं रडणं ऐकू येत नव्हतं. नुसतं उघडं तोंड दिसत होतं.

चंद्राबाई तीनदा बाहेर गेल्या. हात जोडून म्हणाल्या, "आवाज जरा कमी करा की रं, बाळाचं कान हायत." पहिल्यांदा पोरं हसली. दुसऱ्यांदा जयराजनं आवाज वाढवायची खूण केली. जयराज म्हणजे मंडळाचा नवा अध्यक्ष, सव्वीस वर्षांचा. तिसऱ्यांदा त्या आत आल्या आणि त्यांनी पोलिसांना फोन केला. पोलीस आले, डॉल्बी जप्त झाली आणि जयराजला दोन तास चौकीत बसावं लागलं.

तिसऱ्या दिवशी तो मला न्यायला आला. "मंडळाची वस्तू मंडळात ऱ्हाईल," एवढंच म्हणाला. चंद्राबाईंनी मला पुसून त्याच्या हातात दिलं. पुढचे अकरा महिने मी जनरेटरच्या शेडमध्ये काढले. उंदरांनी गोधडी कुरतडली, पावसात डावं शिंग गंजलं. पण तेवढ्यासाठी मी तुमच्याकडे गाऱ्हाणं घेऊन आलो नसतो. वस्तूंच्या नशिबी हे असतंच.

या वर्षी चिंतामण सर नव्हते, ते मुलाकडे सांगलीला राहायला गेले. गोष्ट जयराजनं लिहिली. देखाव्याच्या आदल्या संध्याकाळी त्यानं मला बाहेर काढलं, चाळणीची जाळी उपटली आणि तिथं प्लास्टिकचं सुरकुतलेलं तोंड बसवलं. मागं पांढऱ्या लोकरीचा अंबाडा लावला. आणि माझ्या लाल डोळ्यांवर एक चष्मा पक्का चिकटवला. काळ्या दोरीचा.

नाथाजी आले आणि माझ्याकडे बघत राहिले.

"ह्ये काय रं, जयराज?"

"नादचोर हाय, तात्या. परग्रहावरली म्हातारी. पृथ्वीवरला समदा आवाज पोत्यात भरून न्हेती. पब्लिक लय हसंल."

"कुणावर?"

"कुणावर न्हाई वो. काल्पनिक हाय."

"चष्मा काढ त्यो."

"काढतो की. तुमी काळजी करू नका."

नाथाजींनी त्याच्यावर विश्वास ठेवला. रेकॉर्डिंग सांगलीहून आलं ते खेळाच्या तोंडावरच, त्यामुळे त्यात काय आहे ते त्यांना ऐकायलाच मिळालं नाही. दुसऱ्या दिवशी साडेसातला पेठ भरली, पडदा सरकायला पाच मिनिटं होती आणि चष्मा होता तिथंच होता. नाथाजींनी तो ओढून बघितला, पण तो हलेना. बाहेर माणसं ताटकळली होती. आयुष्यभर हुकूम पाळलेला माणूस, त्यांनी मला डोक्यावर चढवलं. त्या क्षणी मी त्यांच्यावरही चिडलो होतो, हे लपवत नाही. पण पत्र्याला नाही कसं म्हणायचं?

पडदा सरकला. समोर, मंडपाच्या दुसऱ्या टोकाला आपल्या उंबऱ्यावर चंद्राबाई बसल्या होत्या, दरवर्षी बसतात तशा. मांडीवर नात होती, आता ती वर्षाची झाली आहे. मागं दाराला टेकून पल्लवी उभी होती. नाथाजींनी पहिलं पाऊल टाकलं आणि कर्ण्यातून आवाज आला. कुण्या पुरुषानं म्हातारीसारखा चिरका काढलेला तो आवाज म्हणाला, "आवाज जरा कमी करा की रं, बाळाचं कान हायत."

आधी मंडळाची पोरं हसली. मग पेठेला कळलं आणि पेठ हसली. एकेक करून माना मागं वळल्या, आधी मोठ्यांच्या आणि मग लहानांच्या. कर्ण्यातली म्हातारी तेच वाक्य पुन्हा म्हणाली, आणखी चिरक्या आवाजात. चंद्राबाईसुद्धा सुरुवातीला हसत होत्या, कारण त्यांना वाटलं काहीतरी गंमत चालली आहे. मग त्यांना समजलं. त्यांनी डोळ्यांवरचा चष्मा काढला आणि मुठीत धरून पदराखाली लपवला.

मित्रांनो, मी कृष्णा प्यायलो आहे. मी सूर्य झाकला, मधमाश्या पळवल्या, माणसांना आजारी पाडलं. दर वर्षी तुमच्यासाठी नीचातला नीच झालो. पण चंद्राबाईंना आपला चष्मा लपवावा लागला तसं मी कुणालाही करायला लावलं नव्हतं. जिनं तीनदा हात जोडले ती चोर, आणि ज्यांनी आवाज वाढवला ते पृथ्वीचे रक्षक? ही कुठली गोष्ट? ही लिहिणाऱ्याला विज्ञान तर कळत नाहीच, शरमही कळत नाही.

नाथाजी दुसरं पाऊल अर्धवट उचलून थांबले. मग त्यांनी दोन्ही हातांनी मला डोक्यावरून काढलं.

हे कधीच घडलं नव्हतं. पोरांना गिराशाच्या आत माणूस असतो हे ठाऊक होतं, पण त्याचा चेहरा त्यांनी खेळ चालू असताना पाहिला नव्हता. घामानं भिजलेला, पांढऱ्या मिशांचा माणूस मला बगलेत धरून दिव्यांच्या उजेडात उभा होता आणि कर्ण्यातली म्हातारी त्याच्याशिवायच बडबडत होती. साईराज ध्वनिकिरणांची बंदूक घेऊन धावत आला आणि कुणाला मारायचं ते न कळून उभा राहिला. शेवटी कुणीतरी रेकॉर्डिंग बंद केलं.

"गिराशा लांबनं येतोय," नाथाजी म्हणाले. माइक नव्हता, पण सगळ्यांना ऐकू गेलं. "तेरा वर्सं म्या त्येला चालवला. आपल्या गल्लीतल्या माणसाला मारायला न्हाई चालवला."

जयराज ट्रॉलीच्या कडेला आला. "तात्या, समद्या खेळाची माती केलासा."

"व्हय. केली."

तेवढ्यात चंद्राबाई उठल्या. नात त्यांनी पल्लवीकडे दिली, पदराखालून चष्मा काढला, पुसला आणि डोळ्यांवर चढवला. नेहमीच्याच हळू आवाजात म्हणाल्या, "फोन म्याच केला हुता, जयराज. लपून न्हाई केला. परत तसं वाजलं तर परत करीन." एवढं बोलून त्या पुन्हा उंबऱ्यावर बसल्या. पेठेत कुणी हसलं नाही. मघाशी वळलेल्या माना हळूहळू खाली गेल्या.

या वर्षी देखावा पुढं झाला नाही. रात्री मंडळाच्या ग्रुपवर मजकूर आला: तांत्रिक कारणामुळे जिवंत देखावा रद्द. मित्रांनो, मी धुळाच्या हातचा आहे. सतरा वर्षांत माझा एक सांधा सुटलेला नाही. मला तांत्रिक कारण म्हणायची यांची हिंमत कशी झाली?

विसर्जनानंतर मंडळाच्या नव्या खोलीत बैठक झाली. नाथाजींनी प्लास्टिकचं तोंड आणि अंबाडा काढून टाकला होता. मला त्यांनी बक्षिसाच्या ढालींच्या फळीवर मधोमध ठेवलं, अध्यक्षांच्या खुर्चीच्या बरोबर समोर. चष्मा तसाच होता. एका पोरानं पक्कड पुढं केली, तर ते म्हणाले, "ऱ्हाऊ दे. ज्येनं चिकटवला त्येनंच काढायचा. आन् काढला की समोरच्या घरात जाऊन यायचं, मग फुडचं." मग त्यांनी चपला घातल्या आणि निघून गेले. मंडळात ते परत आलेले नाहीत.

माझं पुढं काय होणार, मला ठाऊक नाही. नाथाजींशिवाय मी दोन टाक्यांचं भंगार आहे, हे मला कळतं आणि त्याचं वाईटही वाटतं. पण तुम्हाला एक सांगतो. पुढं कधी तुमच्या हातात रंग आला, गोष्ट आली आणि माझ्यासारखं रिकामं डोकं आलं, तर मला हवं तेवढं काळं करा. चार शिंगं लावा, दहा ग्रहांचे खून माझ्या नावावर टाका. मी मुकाट मरेन. फक्त माझ्यावर शेजाऱ्याचं तोंड चढवू नका, कारण मी पुढच्या वर्षी नवा रंग लावून येतो, त्याला मात्र त्याच तोंडानं रोज सकाळी दूध आणायला जायचं असतं.

मंडळाच्या खोलीपासून चंद्राबाईंचा उंबरा दहा पावलांवर आहे. आज जयराज एकटाच आला होता. खुर्चीत बसला, मोबाइल काढला, परत ठेवला. मग त्यानं खुर्ची फिरवून पाठ माझ्याकडे केली. पक्कड टेबलावरच आहे.