लीड कोणाच्या नावावर

गोंदिया रोडच्या साइटवर मुरमाच्या ढिगावरून वसंता काका घसरले आणि त्यांच्या खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी तीन महिने पायावर भार द्यायचा नाही असं सांगितलं, आणि काका लालबर्र्याला आपल्या घरी जाऊन पडले. इकडे बालाघाटच्या ऑफिसात त्यांचं रजिस्टर टेबलावर तसंच राहिलं. फोन यायचे ते येतच होते.

ऑफिस प्लॉट विकायचं. मालक रजत भैया, वडिलांच्या मागे त्यानेच धंदा वाढवला होता. त्याच्या हाताखाली चार माणसं: वसंता काका, महेंद्र, पियुष आणि संघमित्रा. कोणत्या दिवशी ऑफिसात कोण बसणार, साइटवर कोण जाणार, हे काका दर शनिवारी ठरवून भिंतीवरच्या पांढऱ्या बोर्डावर लिहायचे. आणि नवीन चौकशी आली, म्हणजे रस्त्यावरचा बोर्ड वाचून कोणी फोन केला किंवा मोबाइलवरची जाहिरात बघून नाव-नंबर पाठवला, की ती लीड कोणाला द्यायची तेही काकाच ठरवायचे. रजिस्टरात गिऱ्हाइकाचं नाव, गाव, फोन, आणि शेवटच्या रकान्यात एजंटचं नाव. अकरा वर्षं हे असंच चाललं होतं आणि कोणी कधी विचारलं नव्हतं.

रजत भैयाने ते रजिस्टर उचलून संघमित्राच्या पुढ्यात ठेवलं. म्हणाला, "दीदी, काका आने तक आप देख लो. आपकी राइटिंग भी अच्छी है." तिने नको म्हणायचं मनात आणलं, पण तोवर तो फोन कानाला लावून बाहेर पडला होता.

संघमित्रा त्रेचाळीस वर्षांची. सहा वर्षं या ऑफिसात होती. रविवारची ड्यूटी जवळजवळ कायम तिचीच असायची, कारण रविवारी लोक बायकोपोरांना घेऊन येतात आणि तेव्हा बाईमाणूस समोर असलेलं बरं, असं काका म्हणायचे. नवरा राकेश शाळेची बस चालवायचा. त्याला रविवारी सुट्टी, हिला गुरुवारी. दोघं एकाच दिवशी घरी आहेत असं दिवाळीला घडायचं. मुलगी श्रुतिका नर्सिंगला गोंदियाला होती. संध्याकाळी घरी गेल्यावर संघमित्रा चपला काढायच्या आधी पाच मिनिटं पायरीवरच बसायची. राकेशने पहिल्या वर्षी विचारलं होतं काय झालं म्हणून. आता विचारत नव्हता.

काका लीड कशा वाटतात ते समजून घ्यावं म्हणून दुपारी ऑफिस रिकामं असताना ती मागची पानं उलटत बसली. तिचा समज असा की सगळं क्रमाने चालतं, एक महेंद्रला, एक पियुषला, एक तिला. आपल्या वाट्याला बारके प्लॉट येतात, मागच्या गल्लीतले, नाल्याकडचे, हे तिला ठाऊक होतं. पण ते नशीब, असं तिने धरून ठेवलं होतं.

क्रम नव्हताच. तिच्या नावापुढे मेश्राम, रामटेके, गजभिये, खोब्रागडे, पुन्हा मेश्राम. तिने चार वर्षांची पानं पाहिली. तिच्या वाट्याची जवळजवळ सगळी माणसं तिच्यासारखीच बौद्ध घरची होती. मलाजखंडच्या खाणीतून रिटायर होऊन बालाघाटात घर बांधू बघणारे इंजिनिअर, वारासिवनीचे मिलवाले, बैहरचे ठेकेदार, हे सगळे महेंद्रकडे नाहीतर पियुषकडे. मधे कुठे दुसरं आडनाव तिच्याकडे आलं असेल तर तो फोन लागत नसलेला नंबर होता.

तिला राग येईल असं वाटलं, पण आला तो थकवा. सहा वर्षांत ती ज्या ज्या उन्हात उभी राहिली होती ते सगळं ऊन जणू एकदम अंगावर आलं. तिने रजिस्टर मिटलं आणि समोर आलेल्या माणसाला पाणी दिलं.

गुरुवारी ती बसने लालबर्र्याला गेली. काका पडवीत खाटेवर होते, पायाखाली दोन उशा. त्यांची बायको तुळसाबाई हिला पाहून खूश झाली, चहा टाकायला आत गेली. काकांनी ऑफिसची विचारपूस केली, महेंद्र वेळेवर येतो का, जाहिरातीचे पैसे भैयाने भरले का. संघमित्राने सगळ्याची उत्तरं दिली. मग म्हणाली, "काका, मी रजिस्टर पाह्यलं."

काकांना काय ते कळलं. त्यांनी चादरीची घडी सारखी केली.

"तुले आठवते का," ते म्हणाले, "तू नवी होती तवा भरवेलीकडची एक फॅमिली आलती? दोन दिवस तू त्याइले घेऊन फिरली."

"आठवते. मंग ते आलेच नाई. तुमी म्हणलं का त्याइची ऐपत नव्हती."

"ऐपत होती. त्यानं मले फोन केलता. म्हणे, दुसरा कोणी मानूस द्या. काहून, थे मी इचारलं नाई. त्यानंच सांगतलं."

आत तुळसाबाईच्या कपबशांचा आवाज आला. संघमित्राने विचारलं, "मंग मले काहून नाई सांगतलं?"

"सांगून काय झालं असतं? तू सोडून गेली असती. इची पोरगी लहान हाय, इले रोज थे आयकू येऊ नये, असं वाटलं मले. म्हणून आपल्या लोकाइचे फोन तुह्या नावावर टाकत गेलो."

"आन् तुमाले कोणी नाई म्हणलं कधी?"

"मी आडनाव सांगतलंच कुठं?" काका म्हणाले. "अकरा वर्ष झाले, कार्डावर बी नुसतं वसंता काका. लोक समजतात थे समजतात. तुह्यं तसं नाई न पोरी. तुह्या नावातच सारं आलं."

काका स्वतः रामटेके होते. हे संघमित्राला माहीत होतं, कारण त्यांनीच तिला कामाला लावलं होतं, समाजाच्या ओळखीतून. पण ऑफिसात त्यांचं आडनाव कोणी घेतलेलं तिने ऐकलं नव्हतं, आणि ते कधी आपल्या ध्यानातही आलं नाही याचं तिला तिथे बसल्या बसल्या नवल वाटलं. तिने चहा घेतला. त्यांच्याशी भांडायचं ठरवून आली होती. पण खाटेवरचा म्हातारा माणूस, त्याचा तो बारीक झालेला पाय, तिला ते जमलं नाही. निघताना ती एवढंच म्हणाली की मी आता नंबरानं देणार, जो येईल तो. काका म्हणाले, "दे. पण मले मंग सांगू नको का मी सांगतलं नवतं."

शनिवारी तिने बोर्ड पुसला आणि नव्याने लिहिला. रविवार आळीपाळीने, चार आठवड्यांत सगळ्यांचा. सध्या माणसं तीनच, म्हणून काकांचा रविवार तिघांत. नवीन लीड क्रमाने: महेंद्र, पियुष, संघमित्रा, पुन्हा महेंद्र. साइटवर असला तरी ज्याचा नंबर त्याची लीड, एका तासात त्याने गिऱ्हाइकाला फोन करायचा, नाही केला तर पुढच्याला. महेंद्र बराच वेळ बोर्डापुढे उभा राहिला. तो घरचा शेतकरी माणूस, जुना, गिऱ्हाइकाच्या गावातली चार घरं त्याला ओळखीची असायची. तो म्हणाला की ओळखपाळख बघून दिलेलं बरं असतं दीदी, गाडी लवकर पुढे जाते. तिने ऐकून घेतलं. रजत भैयाने बोर्डाचा फोटो काढला, फोन उचलला गेला पाहिजे एवढंच बघा म्हणाला.

दुसऱ्याच आठवड्यात तिच्या नंबरावर वारासिवनीचं एक घर आलं. डोमाजी आणि त्यांची बायको विमलाबाई. राइस मिल होती, धाकट्या मुलासाठी बालाघाटात घर बांधायचं होतं, चौकातला मोठा प्लॉट हवा होता. संघमित्राने त्यांना दोन तास फिरवलं. पाणी कुठून येणार, नाली कुठून जाणार, डायवर्शनचे, म्हणजे शेतजमीन घरासाठी मोकळी झाल्याचे कागद, सगळं दाखवलं. विमलाबाईंना ती आवडली. देवघर कोणत्या कोपऱ्यात येईल हे त्यांनी तिलाच विचारलं आणि स्वतःच्या गुडघेदुखीचंही सांगितलं. गाडीत बसता बसता त्यांनी विचारलं, "तुमचं आडनाव काय हो बाई?"

"डोंगरे," ती म्हणाली.

"कोनते डोंगरे?"

"बौद्ध हावो आम्ही."

"असं का," विमलाबाई म्हणाल्या. चेहरा पालटला नाही, बोलणं तुटलं नाही. येतो म्हणून हात केला आणि गाडी गेली. संघमित्राला वाटलं, व्यवहार जमला. तिने रजिस्टरात 'साइट पसंत' असं लिहिलंसुद्धा.

सकाळी रजत भैयाने तिला आत बोलावलं. डोमाजींचा त्याला फोन आला होता. प्लॉट घ्यायचा आहे, पण व्यवहाराला दुसरं कोणी द्या, असं म्हणत होते. भैया तिच्याकडे न बघता पेनाचं टोपण काढत-लावत होता. तो वाईट मुलगा नव्हता. श्रुतिकाच्या ॲडमिशनला त्याने धावपळ केली होती. तो हळूच म्हणाला, "पियुष को दे दो, दीदी. धंदा है, क्या करें."

तिने उभ्या उभ्या थोडा विचार केला. ही लीड आपण अडवू शकत नाही, हे तिला कळत होतं.

"देते," ती म्हणाली. "पण मग पुढचा नंबर माझाच राहील. माझी पाळी गेली असं धरायचं नाही."

"हां, ठीक है."

ती जागेवर आली. रजिस्टर उघडलं, आपल्या नावावर काट मारली, पुढे पियुष लिहिलं. शेरा म्हणून बारीकसा रकाना होता, काका तो कधी भरत नसत. तिथे तिने लिहिलं: 'आडनाव ऐकून ग्राहकाने एजंट बदलून मागितला.' अक्षर नेहमीसारखंच आलं.

दुपारी रजत भैयाने ते वाचलं. हे कशाला लिहिलं, रजिस्टर कोणीही बघतं, खोडून टाका, असं तो म्हणाला. ती म्हणाली की झालं ते लिहिलं, खोटं काही लिहिलं नाही. त्याने रजिस्टर मिटून तिच्या टेबलावर ठेवलं. एक दिवस पान फाटलेलं दिसेल असं तिला वाटत राहिलं, पण पान राहिलं.

पियुष पंचवीस वर्षांचा, मराठी समजणारा पण हिंदीतच बोलणारा. लीड घ्यायला आला तेव्हा त्याने शेरा वाचला. कान लाल झाले त्याचे. फोन नंबर उतरवून घेतला आणि गेला. प्लॉट विकला गेला. त्याने ऑफिसात पेढे आणले, पहिला डबा तिच्यापुढे धरला, पण तिच्या डोळ्याला डोळा दिला नाही. तिने पेढा घेतला. भूक लागली होती, सकाळपासून काही खाल्लं नव्हतं.

महिना तसाच गेला. तिच्या नंबरावर एक बैहरचे मास्तर आले, त्यांनी आडनाव विचारलं नाही, त्यांना रस्त्याची रुंदी तेवढी मोजून हवी होती. एक बाई दोनदा येऊन गायब झाली. का ते कळलं नाही आणि संघमित्राने शेऱ्यात 'कारण माहीत नाही' असं लिहिलं. आता गिऱ्हाईक परत फिरलं की तिला कारण शोधावंसं वाटायचं, आणि त्याचा वेगळाच शीण येई. पूर्वी तो नव्हता. काकांचं म्हणणं तिला अशा वेळी पटायचं, आणि पटलं म्हणून स्वतःचाच राग यायचा.

मग एके दिवशी मलाजखंडहून महागू गजभिये नावाच्या माणसाचा फोन आला. खाणीत बत्तीस वर्षं डंपर चालवून रिटायर झालेला. फोन तिनेच उचलला. चार वाक्यं झाल्यावर तो म्हणाला, "तिथं संघमित्राबाई हायत ना, आपल्यातल्या? माह्या साळ्यानं त्याइच्याकडूनच घेतला. मले त्याइच्याशीच बोलायचं हाय."

नंबर महेंद्रचा होता.

"मीच बोलून राह्यली भाऊ," ती म्हणाली. मग थांबली. एवढं एक नाव आपल्याकडे घेतलं तर कोणी काही म्हणणार नव्हतं, महेंद्रसुद्धा नाही. "पण तुमाले महेंद्र भाऊ दाखवतीन. जुने हायत, कागद पक्के पाहतात."

"थे आमाले नीट दाखवतीन ना बाई?" महागूने विचारलं.

ती हो म्हणाली. म्हणताना तिला पुरती खात्री नव्हती.

महेंद्रने रजिस्टरातलं नाव वाचून मान वर केली. हे तर तुमचं आहे, असं म्हणाला. नंबर तुमचा आहे, ती म्हणाली. तो जरा घुटमळला, आणि मग नंबर उतरवून फोन लावायला बाहेर गेला. महागू प्लॉट बघायला आला त्या मंगळवारी महेंद्र तीन तास साइटवर होता. परत आल्यावर त्याने सांगितलं की माणूस चिकट आहे, सगळे खांब स्वतः मोजले, पण दुसऱ्या ओळीतला चांगला प्लॉट धरून बसलाय, नाल्याकडचा नकोच म्हणतो. नाल्याकडचा तुम्ही दाखवला होता का, तिने विचारलं. "आधी तोच दाखवला," महेंद्र म्हणाला, आणि गेटची किल्ली खिळ्याला अडकवत, "सवय हाय दीदी."

रजिस्ट्रीच्या दिवशी महागूने हट्ट धरला की साक्षीदार म्हणून संघमित्राबाईच पाहिजेत. ती अकरा वाजता नोंदणी कचेरीत गेली. सर्व्हर बंद होता. बाकावर एका बाजूला महागू आणि त्याची बायको, दुसऱ्या बाजूला महेंद्र, मधे ती. महेंद्रने सगळ्यांसाठी चहा आणला. महागूने त्याला डंपरच्या ब्रेकचं काहीतरी सांगायला घेतलं आणि दोघं तिच्या डोक्यावरून बोलत राहिले. तिचा डोळा लागला. साडेतीनला नाव पुकारलं तेव्हा महागूच्या बायकोने तिला हलवलं. तिने उठून फोटो दिला, अंगठा दिला, आणि दाखवलं तिथे पूर्ण नाव लिहून सही केली. चार वाजल्यापासून ऑफिसात तिची ड्यूटी होती, म्हणून ती महेंद्रच्या मागे स्कूटरवर बसून निघाली.