डॉक्टरीणबाईंच्या गाडीचं बटण

मित्रांनो, मला पाहायचं असेल तर गाडीचं दार उघडा आणि स्टिअरिंगच्या शेजारी बघा. तिथे बसलेलं जुनं, गोल, काळं बटण म्हणजे मी! ब्रेकवर पाय ठेवायचा, मला दाबायचं, की इंजिन सुरू. किल्ली फिरवायची भानगडच नाही. माझ्यावरची पांढरी अक्षरं आता अर्धी पुसली आहेत, पण माझा तोरा काही कमी झालेला नाही.

कारखान्यात तपासणीच्या वेळी एका यंत्राने मला इतक्या वेळा दाबलं, की मला वाटलं, जन्मभराचं काम इथेच उरकलं! खरं कौतुक झालं ते जालन्यात. माझे पहिले मालक काकासाहेब गाडी घरी घेऊन आले, तेव्हा त्यांच्या पत्नी बेबीनंदाकाकूंनी चक्क मला हळदीकुंकू लावलं. मला एकदा तरी दाबायला मिळावं म्हणून गल्लीतल्या पोरांनी रांग लावली होती.

पुढे काकासाहेबांनी मोठी गाडी घेतली आणि आम्ही तृप्तीताईंकडे आलो. तृप्तीताई म्हणजे घनसावंगीच्या गुरांच्या डॉक्टर. मग काय विचारता! रोज नवं गाव, नवा गोठा. कधी शेणाने भरलेलं बोट, कधी औषधाचं. कापसाच्या शेतांमधली धूळ तर कायमचीच. तरी मी कधी कुरकुर केली नाही.

मात्र गेल्या हिवाळ्यापासून माझं अंग जड झालं. एकदा दाबून भागेना. "काय झालं रे तुला?" असं म्हणत ताई अंगठा जोरात रेटायच्या. गाडी सुरू झाली की विसरून जायच्या. त्यांच्यामागे कामंच तेवढी होती.

एके दिवशी दुपारी आम्ही शहागडला होतो. ताई भागवतरावांच्या हॉटेलात चहा घेत होत्या. इतक्यात फोन वाजला. तीर्थपुरीच्या साळूबाई रडवेल्या आवाजात सांगत होत्या, "डाक्टरीणबाई, म्हैस अडली! रेडकाचा एकच पाय भाईर आला, दुसरा दिसून न्हाई राह्यला. जल्दी या!"

साळूबाईंचं घर त्या एका म्हशीवर चालायचं. ताई चहा तसाच टाकून धावल्या. ब्रेकवर पाय ठेवला, मला दाबलं. काहीच नाही! समोरचा एक दिवासुद्धा लागला नाही.

"बॅटरी उतरली आसंल. लोटा गाडी!" भागवतराव ओरडले. चहा पिणारे ट्रकवाले बाह्या सरसावून आलेच.

"थांबा, थांबा! पहिले पाहू तर द्या," शेजारच्या दुकानातून महेमूदभाई आले. गाड्यांच्या वायरिंगचं काम ते करायचे.

ताईंनी हॉर्न वाजवला. असा दणदणीत वाजला, की हॉटेलामागच्या कोंबड्या पळाल्या. म्हणजे बॅटरी ठणठणीत होती. ताईंनी ब्रेक दाबला. "महेमूदभाई, मागचा लाल दिवा लागतो का?"

"बराबर लागून राह्यला!"

म्हणजे दोष ब्रेकचाही नव्हता. मग ताईंनी खिशातली किल्ली माझ्या अगदी तोंडाशी धरून मला दाबलं. किल्लीतला सेल संपला असेल तर गाडी अशी सुरू होते. तरीही काही नाही.

"नवं बटणच टाका मंग," भागवतराव म्हणाले.

"ते जालन्याहून येईस्तोवर सांज होईल," महेमूदभाई म्हणाले.

"तर मंग माझ्या फटफटीवर चला."

"एवढी पेटी, दोऱ्या, सलाइन फटफटीवर कसं न्यायचं? तरी तुम्ही ती काढून ठेवा. इथं जमलं नाही तर निघूच," ताई म्हणाल्या. मग त्यांनी डोळे मिटले आणि मला हळूच दाबलं. आजारी जनावराच्या पोटावर हात ठेवतात ना, तसं! आधी मधोमध, मग कडेला. "महेमूदभाई, सरळ दाबलं तर टिक् होत नाही. कडेला दाबलं की दिवे जरासे लुकलुकतात."

माझ्या आनंदाला पारावार राहिला नाही! माझं दुखणं कुणाला तरी कळलं होतं.

महेमूदभाईंनी पट्टी घालून मला अलगद बाहेर काढलं. माझ्या मागची वायर तपासली. ती चांगली होती. मग मला उजेडात धरलं. "म्याडम, आतमंदी काहीतरी चिकट जमून बसलं."

ताईंनी वाकून पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "उसाचा रस! ग्लास कलंडला होता, मी नुसतं वरवर पुसलं."

लगेच माझ्यावर महेमूदभाईंच्या डब्यातल्या, वायरिंग साफ करायच्या औषधाचा गारेगार फवारा उडाला. काळपट पाणी निथळलं. महेमूदभाई मला दाबत राहिले, फवारत राहिले. आणि अचानक, टिक्! केवढा खणखणीत आवाज तो! वायर जोडली, ताईंनी ब्रेक दाबला, मला दाबलं. सगळे दिवे उजळले, इंजिन गरजलं आणि ट्रकवाल्यांनी शिट्ट्या मारल्या.

"जावा, जल्दी जावा! आन आता पोचूस्तोवर बंद करू नका!" महेमूदभाई मागून ओरडले.

तीर्थपुरीपर्यंत आम्ही अक्षरशः उडतच गेलो. गोठ्याच्या तोंडाशीच गाडी उभी राहिली. सवयीने ताईंनी मला दाबून इंजिन बंद केलं आणि पेटी घेऊन धावल्या. उघड्या दारातून मी सगळं पाहत होतो. रेडकाचा दुसरा पाय आत दुमडला होता. ताईंनी त्याला हळूच मागे ढकललं, पाय सरळ केला आणि दोरी बांधली. "साळूबाई, म्हशीनं कळ दिली की ओढा. आता!"

"वगार झाली! वगार झाली माय!" साळूबाई हसता हसता रडू लागल्या. म्हैस मान वळवून वगारीला, म्हणजे आपल्या नव्या लेकीला, चाटू लागली. वगार श्वास घेत होती, पण काही केल्या उठेना.

"डाक्टरीणबाई, गाडी मागं घ्या जरा. तिच्या अंगावर ऊन पडू द्या," साळूबाई म्हणाल्या.

ताई हात धुऊन आल्या. अंगठा माझ्यावर आला आणि थबकला. टिक्! इंजिन धडधडून उठलं, वगार दचकली आणि लटपटत चक्क चारी पायांवर उभी राहिली!

"तुमच्या गाडीनंच उठवली की तिला!" साळूबाई खदखदून हसल्या.

मित्रांनो, एखादी वस्तू अडली तर तिच्यावर चिडू नका, अंगठा रेटू नका. काय चालतं आणि काय चालत नाही, ते एकेक करून पाहा. आणि आमच्यावर काही सांडलं, तर तेव्हाच नीट पुसा. आम्हाला बोलता येत नाही. पण हलक्या बोटाने विचारलंत, तर आम्ही नक्की उत्तर देतो.